शेठ मोतीशाह : पांजरापोळ ते शत्रुंजय

भाद्रपद मास लागला की मुंबईच्या उपनगरांत दोन पर्वे हातात हात घालून येतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी, कोठेही जावे. एका बाजूस मंडपाचे बांबू उभे राहत असतात, तर दुसऱ्या बाजूस देरासरावर तोरणे चढत असतात. उपाश्रयांत मुनिमहाराजांच्या मुखातून कल्पसूत्राचे वाचन चालू असते. श्वेतांबर जैनांचे पर्युषण श्रावण वद्याच्या अखेरीस सुरू होते आणि आठ दिवसांनी संवत्सरीच्या क्षमापनेने पूर्ण होते. ही संवत्सरी बहुसंख्य श्वेतांबर मंदिरमार्गी भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पाळतात. म्हणजे ज्या दिवशी आपण गणरायाची प्राणप्रतिष्ठा करतो, त्याच दिवशी आपला शेजारी वर्षभरातील अपराधांची क्षमा मागत असतो. त्यानंतर दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व सुरू होते आणि ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. दोन धर्मधारांचा असा तिथिसंगम क्वचितच आढळतो.

गणेशोत्सवात कीर्तनसेवेसाठी या भागात येण्याचा योग आम्हांस अनेक वर्षे लाभला आहे. आणिकहून येणारा रस्ता चेंबूरजवळ बोगद्यातून बाहेर पडतो, त्या स्थळाचे नाव पांजरापोळ. घाटकोपर आणि मानखुर्दकडे जाणारी हजारो माणसे रोज हे नाव वाचतात, उच्चारतात आणि पुढे जातात. ते नाव कोणत्या अंतःकरणातून जन्मले, हा प्रश्न फारसा कोणास पडत नाही. त्या नावामागे उभ्या असलेल्या एका पुरुषाचे चरित्र पर्युषणाच्या निमित्ताने आज सांगावे, असा आमचा मानस आहे. त्यांचे नाव शेठ मोतीचंद अमीचंद. मुंबईने आणि सौराष्ट्राने त्यांस मोतीशाह शेठ म्हणूनच ओळखले.

आम्ही हरिदास. आमची परंपरा पंढरीच्या वाटेची. तथापि कथेचे पात्र कोणत्या संप्रदायाचे, हे पाहून व्यासपीठ सजत नसते. शिवाय या चरित्रात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. तो एकट्या जैनांचा नाही. दान देणाऱ्या आणि दान घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

पूर्वरंग : ओसियाहून खंभातकडे

कीर्तनात आख्यानापूर्वी पूर्वरंग असतो. त्या रीतीस अनुसरून प्रथम मोतीशाहांच्या ज्ञातीचे मूळ पाहू. मोतीशाह हे विसा ओसवाल. ओसवाल हे नाव मारवाडातील ओसिया या गावावरून आले. जोधपूरपासून काही कोसांवर, वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या गावाचे जुने संस्कृत नाव उपकेश. ज्ञातीची परंपरा अशी की, महावीरांच्या निर्वाणानंतर सत्तर वर्षांनी रत्नप्रभसूरी नावाचे आचार्य तेथे आले. त्यांच्या उपदेशाने तेथील राजा उप्पलदेव आणि बहुसंख्य प्रजा यांनी हिंसा सोडून जैन धर्माचा स्वीकार केला. त्या प्रजेचे वंशज ते ओसवाल.

इतिहासकार हा काळ इतका मागे नेण्यास तयार नाहीत. ओसिया येथील महावीर मंदिर प्रतिहारांच्या राजवटीत, आठव्या शतकात उभे राहिले असे ते मानतात, आणि ज्ञातीची घडणही त्यानंतरच्या शतकांत हळूहळू झाली असावी असे त्यांचे मत आहे. आम्हांस दोन्ही गोष्टींत विरोध दिसत नाही. तिथीचा निर्णय इतिहासाने करावा. आपण मूळचे शस्त्रधारी होतो आणि दयेसाठी शस्त्र खाली ठेवले, ही जी स्मृती त्या ज्ञातीने जपली, तिचे मोल तिथीवर अवलंबून नाही. भिन्नमाळ म्हणजे जुने श्रीमाळ. तेथून श्रीमाळी निघाले. प्राग्वाट प्रदेशाशी पोरवाडांचे नाव जोडले जाते. या साऱ्या वणिक ज्ञाती मरुभूमीतून दक्षिणेस उतरल्या आणि गुजरातेत पाटण, अहमदाबाद, खंभात, सुरत अशा नगरांत स्थिरावल्या. विसा आणि दसा हे भेद त्यांच्यात पुढे पडले.

जैन गृहस्थ व्यापाराकडेच का वळला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव चिरडले जातात, म्हणून व्रती श्रावकास शेती जड वाटे. खाणकाम, जंगलतोड, कोळसे पाडणे हीही हिंसेची कामे. उरला तो तराजू. सत्य, अस्तेय आणि परिग्रहाची मर्यादा ही व्रते पाळणाऱ्याच्या शब्दाला बाजारात किंमत येई, त्याची हुंडी दूरवर चाले. धर्माने ज्यास इतर वाटा बंद केल्या, त्यासच धर्माने पत मिळवून दिली, असा हा योग आहे.

खंभात हे मही नदीच्या मुखाशी असलेले प्राचीन बंदर. अरबस्तान, इराण, आफ्रिका येथपर्यंत त्याचा व्यापार पसरलेला होता. पण कालांतराने खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली. प्रथम सुरतेचा आणि नंतर मुंबईचा उदय झाला. लक्ष्मी पाण्याच्या खोलीबरोबर सरकते, हे त्या वणिकांनी ओळखले. अठराव्या शतकात गुजरातेतील जी कुटुंबे मुंबईस आली, त्यांपैकी एक खंभातच्या अमीचंद साकरचंद यांचे होते.

उत्तररंग : मुंबईचा शेठ

अमीचंद आणि रूपाबाई यांच्या पोटी इ. स. १७८२ मध्ये मोतीचंदांचा जन्म झाला. तेव्हाची मुंबई म्हणजे कोटाच्या आतील दाट वस्ती आणि कोटाबाहेर नारळीच्या वाड्या. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली. त्यानंतर देशी वस्ती कोटाबाहेर पायधुणी, भुलेश्वर या बाजूस झपाट्याने वाढू लागली. पायधुणीचे गोडीजी पार्श्वनाथाचे मंदिर १८१२ मधील. मोतीचंद तारुण्यात येत असतानाच जैन मुंबईचा पाया अशा रीतीने घातला जात होता.

मोतीचंद सागरी व्यापारात शिरले आणि जहाजांचे धनी झाले. मुंबईहून चीनकडे कापूस आणि अफू जाई. तिकडून रेशीम, साखर आणि रुपे येई. या व्यापारात त्यांचे भागीदार होते जमशेटजी जीजीभाई. जमशेटजी वयाने त्यांच्याहून वर्षभरच लहान. पुढे सर आणि बॅरोनेट झाले ते हेच. तिसरे भागीदार कोकणी मुसलमानांतील मोहम्मद अली रोगे. एक पारशी, एक जैन, एक मुसलमान! एकाची अग्नीवर श्रद्धा, दुसऱ्याची तीर्थंकरांवर, तिसऱ्याची अल्लावर. आणि तिघांची वही एक. मुंबई ज्या परस्परविश्वासावर उभी राहिली, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

मोतीशाहांचे ऐश्वर्य वाढत गेले. भायखळ्यास त्यांचा बाग आणि बंगला होता. त्या भागातील मोतीशाह लेन आजही त्यांचे नाव सांगते. परंतु येथेच आख्यान थांबवून एका गोष्टीचा विचार करणे आम्हांस प्राप्त आहे.

विषवाणिज्याचा प्रश्न

आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्र रचले. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा व्यवसायांची, म्हणजे कर्मादानांची, गणना आहे. हस्तिदंत, लाख, मद्यादी रस यांच्या व्यापाराबरोबर त्यांत विषवाणिज्यही येते. जीवितास घातक अशा वस्तूंचा क्रयविक्रय श्रावकाने करू नये, असा त्याचा आशय. त्याच ग्रंथात गृहस्थाचे गुण सांगताना पहिले स्थान न्यायाने मिळविलेल्या वैभवास दिले आहे. दानाचा उल्लेख येण्यापूर्वी धन कसे मिळाले, हे आचार्य विचारतात.

आणि मोतीशाहांच्या जहाजांत अफू होती. ही गोष्ट झाकून त्यांचे चरित्र सांगणारे पुष्कळ आहेत. तसे सांगणे आम्हांस धर्मकथेचा द्रोह वाटतो.

त्या काळाची बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. बंगाल-बिहारची अफू कंपनी सरकार स्वतः कलकत्त्यात लिलावाने विकत असे. माळव्याची अफू होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिके, म्हणजे आपल्याच मराठी दरबारांची तिजोरीही तीवर भरत होती. १८१८ नंतर कंपनीने माळव्याचा हा माल अडविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो कराची आणि दमणच्या वाटेने जाऊ लागला. शेवटी १८३१ च्या सुमारास कंपनीनेच परवाने देऊन तो मुंबईमार्गे जाऊ दिला आणि त्यावर महसूल घेतला. घरोघर अफू औषधाच्या बटव्यात असे. तान्ह्या बाळास झोप यावी म्हणून आपल्या आज्या-पणज्या तिची कणभर गोळी देत. तेव्हा त्या वस्तूकडे विष म्हणून पाहण्याची दृष्टी या देशात सर्वसामान्य नव्हती.

हे सारे खरे. तरीही चीनच्या बादशहाने अफूस बंदी केलेली होती, ती चोरून जात होती, आणि तिकडे माणसे तिच्या धुरात संसार जाळीत होती, हेही तितकेच खरे. मोतीशाहांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १८३९ मध्ये, चिनी अधिकारी लिन त्से-शू यांनी कँटनजवळ अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या आणि त्यातून युद्ध पेटले. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणारा समाज आणि दूर देशी विकले जाणारे मादक द्रव्य, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. हिंसा दृष्टीस पडते तेव्हा दया सहज जागी होते. समुद्रापलीकडची हिंसा मात्र वहीतील आकड्याप्रमाणे निर्जीव भासते. हा दोष एका मोतीशाहांचा नव्हे. तो मनुष्याच्या दृष्टीचा दोष आहे आणि आजच्या व्यापारातही तो तितकाच जागा आहे.

मोतीशाहांच्या मनात याविषयी काय चालले होते, ते त्यांनी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही. परंतु शत्रुंजयाच्या यात्रेकरूंत एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. शेठजींचे एक जहाज चीनकडे निघाले असता त्यात चोरटी अफू असल्याचा सरकारास संशय आला आणि पाठलाग सुरू झाला. जहाज सुखरूप सुटले, तर त्याचे सारे उत्पन्न शत्रुंजयास अर्पण करीन, असा संकल्प शेठजींनी केला. जहाज सुटले आणि ते द्रव्य आपले नव्हे, असे त्यांनी मानले. आख्यायिका अक्षरशः घडली की नाही, हे सांगता येत नाही. तथापि समाजाने ती दोनशे वर्षे सांगितली, यातच एक कबुली आहे. त्या धनास कोठेतरी डाग आहे आणि तो घरात ठेवण्यासारखा नाही, हे लोकमनाने ओळखले होते.

पांजरापोळाची स्थापना

आता त्या नावाकडे वळू, ज्यापासून आपण आरंभ केला. मुंबईत भटक्या कुत्र्यांची संख्या वाढे, तेव्हा ठरावीक काळात पोलिसांकरवी त्यांस मारण्याची सरकारी रीत होती आणि दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने घरांच्या दारातील कुत्रीही मारली जात. १८३२ च्या जून महिन्यात हे असह्य झाले. पारशी धर्मात कुत्र्यास पवित्र स्थान. जैनांस आणि हिंदूंस जीवहत्या असह्य. पारशी बांधव प्रथम रस्त्यावर उतरले, इतरांनी साथ दिली, दुकाने बंद झाली, दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले. मुंबईच्या इतिहासात हा कुत्र्यांचा दंगा म्हणून प्रसिद्ध आहे.

दंगा शमला, परंतु प्रश्न उरला. मुकी जनावरे मारू नयेत, हे म्हणणे सोपे. मग त्यांस ठेवावे कोठे आणि पोसावे कोणी? या प्रश्नास जमशेटजी आणि मोतीशाह यांनी कृतीने उत्तर दिले. गुजरातेतील महाजनांची पांजरापोळाची जुनी परंपरा त्यांनी मुंबईस आणली. १८३४ च्या ऑक्टोबरात भुलेश्वराजवळ, कावसजी पटेल तलावानजीक, मुंबईच्या पांजरापोळाची स्थापना झाली. म्हातारी गुरे, लंगडी घोडी, भटकी कुत्री, जखमी पक्षी, ज्यांचा मालकास उपयोग उरला नाही अशा सर्वांस तेथे मरेपर्यंत आश्रय मिळू लागला.

या संस्थेची आर्थिक घडी शिकण्यासारखी आहे. एकदा मोठी देणगी देऊन विसरून जाण्याची ही योजना नव्हती. व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून निरनिराळ्या मालाच्या व्यवहारावर थोडाथोडा लाग बसविला. सौदा झाला की पांजरापोळाचा वाटा आपोआप निघे. तेजी असो, मंदी असो, मुक्या जिवाचा घास व्यापाराच्या प्रत्येक व्यवहारात धरलेला असे. तो लाग हिंदू, जैन, पारशी सर्वांच्या मालावर पडे आणि कोणी कुरकूर करीत नसे. वारकऱ्याच्या गळ्यातील माळ जी भूतदया शिकविते, तीच येथे जमाखर्चाच्या वहीत उतरली होती.

पुढे भुलेश्वराची वस्ती दाटली, जागा अपुरी पडली आणि संस्थेने शहराबाहेर जमिनी घेतल्या. चेंबूरचे पांजरापोळ त्यांपैकीच. तेव्हा तो भाग गवताळ माळ होता. आता त्याच्या चहूबाजूंनी महानगर वाढले आहे. तेथून फार दूर नसलेल्या देवनारला १९७१ पासून मुंबईचा मोठा कत्तलखाना आहे. एकाच रस्त्याच्या दोन अंगांस जीवनाचे दोन टोकांचे हिशेब मांडलेले पाहिले की प्रवासी क्षणभर अंतर्मुख झाल्यावाचून राहत नाही.

भायखळा, आगाशी आणि कुंतासर

शत्रुंजय हे सौराष्ट्रात पालिताण्याजवळचे गिरितीर्थ. सुमारे साडेतीन हजार पायऱ्या चढून वर जावे लागते. तेथील मूलनायक आदिनाथ, म्हणजे भगवान ऋषभदेव. आपल्या भागवताच्या पंचम स्कंधात ज्यांचे चरित्र आले आहे, तेच हे ऋषभदेव. चातुर्मासात यात्रा बंद असते, ती कार्तिकी पौर्णिमेस पुन्हा सुरू होते. परंतु रेल्वे नव्हती त्या काळी मुंबईच्या सामान्य जैनास पालिताण्यास जाणे कोठून परवडणार? मोतीशाहांनी १८२८ मध्ये भायखळ्यास आदीश्वराचे मंदिर उभारले. ज्यास शत्रुंजयावर जाता येत नाही, त्याने येथे भाव समर्पण करावा, हा हेतू. कार्तिकी पौर्णिमेस भायखळ्यास जाण्याची प्रथा मुंबईच्या जैनांनी आजवर जपली आहे. पंढरीस न जाऊ शकणारा वारकरी आषाढीस वडाळ्याच्या विठ्ठलाचे दर्शन घेतो, तसाच हा भाव.

विरारजवळच्या आगाशीस मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ आहे. त्या मंदिराच्या उभारणीशीही मोतीशाहांचे नाव जोडलेले आहे. तेथून जवळच सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. सोपाऱ्याच्या आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत कोरलेली आहेत. पंथ निराळा, परंतु समुद्रावर मिळविलेले धन डोंगरावर अर्पण करण्याची या किनाऱ्याची रीत दोन हजार वर्षांची आहे. मोतीशाह त्या दीर्घ मालिकेतले एक मणी होत.

त्यांचे सर्वांत मोठे कार्य मात्र शत्रुंजयावरच झाले. त्या पर्वताच्या दोन शिखरांमध्ये कुंतासर नावाची खोल दरी होती. एका शिखरावरील मंदिरे पाहून दुसऱ्यावर जाण्यास यात्रेकरूस मोठा वळसा पडे. दरीवर पूल बांधावा असे कोणी सुचविले असेल. मोतीशाहांनी ठरविले की दरीच भरून काढावी आणि त्या भरावावर मंदिरांचे नगर उभारावे. दगड, चुना, माती, पाणी, सारे मनुष्याच्या आणि जनावराच्या पाठीवरून वर न्यावयाचे. हजारो मजूर आणि कारागीर वर्षानुवर्षे राबत होते. साहित्य वर ओढण्याच्या दोरांसच ऐंशी हजार रुपये लागले, असे परंपरा सांगते. आकडा कमीजास्त असेल. दरी भरली, हे मात्र आजही डोळ्यांनी पाहता येते. मोतीशाहांची टूंक म्हणून जो मंदिरसमूह यात्रेकरू पाहतात, तो त्या भरलेल्या पोकळीवर उभा आहे.

आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. शिखरावर मंदिर बांधणारे अनेक झाले. दरी भरण्याचा ध्यास ज्यास लागला, त्याच्या अंतरातही एखादी दरी असली पाहिजे, असे आम्हांस वाटते. हे आमचे अनुमान. ते कोणावर लादण्याचा हेतू नाही.

अखेर

१८३६ साल उजाडले. मंदिरे पूर्णत्वास येत होती, प्रतिष्ठेची सिद्धता चालली होती, मुंबईहून पालिताण्यापर्यंत संघ नेण्याचे बेत होत होते. त्याच वर्षी, पर्युषणाच्या दिवसांत, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस मोतीशाहांनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. उपाश्रयांत महावीरांच्या जन्माचे वाचन होऊन आनंद होतो तो हा दिवस. शेठजींचे वय अवघे चौपन्न वर्षांचे होते. ज्या मूर्तींसाठी सारे वैभव पणास लावले, त्यांची प्रतिष्ठा त्यांस पाहता आली नाही.

अंतकाळ जवळ आल्याचे जाणून त्यांनी गरीब ऋणकोंकडील मोठ्या रकमेचे येणे सोडून दिले, असेही सांगितले जाते. ही कथा ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे इंद्रायणी उभी राहते. देहूचे तुकोबा हेही व्यवसायाने वाणीच. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते नदीत बुडविली आणि मग त्यांची वाणी मोकळी झाली. जो दुसऱ्यास ऋणातून सोडतो तो स्वतः सुटतो, हे तत्त्व दोन्ही धर्मांत सारखेच आहे.

प्रतिष्ठेचे कार्य पुत्र खीमचंद यांनी पुढे चालविले. १८३७ मध्ये मोठ्या संघासह ते शत्रुंजयास गेले आणि पित्याचा संकल्प सिद्धीस नेला. टूंकेत मोतीशाह आणि त्यांच्या पत्नी दिवाळीबाई यांच्या मूर्ती हात जोडून उभ्या आहेत. जिवंतपणी जे दर्शन हुकले, ते दगडाच्या डोळ्यांनी ते अखंड घेत आहेत. अहमदाबादचे शेठ हठीसिंग यांच्या दैवीही असाच योग होता. त्यांचे मंदिर पूर्ण होण्यापूर्वीच १८४५ मध्ये ते निवर्तले आणि पत्नी हरकुंवर शेठाणींनी ते १८४८ मध्ये पूर्ण केले. पेरणाऱ्यानेच कापणी करावी, असा नियम धर्मकार्यास नाही.

उपसंहार

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकू लागली. ओसवाल, श्रीमाळी, कच्छी, हालारी अशी जैन कुटुंबे पायधुणी, मांडवी, मसजिद बंदर सोडून क्रमाक्रमाने घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीस आली. त्यांनी येताना दुकानाबरोबर देरासर, उपाश्रय आणि आयंबिलशाळा आणली. ओसियाच्या वाळूपासून मुलुंडच्या टेकडीपर्यंतचा हा प्रवास हजार वर्षांहून अधिक काळाचा आहे. मोतीशाह त्या प्रवासाच्या मध्यावरचा एक मोठा मुक्काम.

त्यांचा न्याय कसा करावा? अफूच्या पेट्या एका पारड्यात घालून पांजरापोळ आणि कुंतासर दुसऱ्यात घालावे, असे काहींस वाटेल. कर्मसिद्धांत मात्र असली वजाबाकी मानीत नाही. पुण्याचे फळ पुण्यासारखे, पापाचे पापासारखे. एकाने दुसरे पुसले जात नाही. दोन्ही भोगावी लागतात, अथवा तपाने झिजवावी लागतात. म्हणून मोतीशाहांस निर्दोष ठरविणे किंवा दोषी ठरवून मोकळे होणे, दोन्ही आम्हांस सोपे आणि म्हणूनच निरुपयोगी वाटते. पांजरापोळातील जखमी बैलाने वैरण खाताना दात्याची वही तपासली नाही. त्याचा जीव वाचला, हे सत्य आहे. आणि कँटनच्या गल्लीत नशेने झिजलेल्या अज्ञात चिनी माणसासाठी कोणी पांजरापोळ काढले नाही, हेही सत्य आहे.

या ठिकाणी आमचीही वही आम्ही उघडली पाहिजे. कीर्तन संपले की पाकीट हाती पडते. ते कोणत्या व्यवसायातून आले, हे आम्ही चाळीस वर्षांत एकदाही विचारले नाही. उत्सवांच्या मंडपांवर देणगीदारांची नावे झळकतात, तेथेही हा प्रश्न कोणी विचारीत नाही. हेमचंद्राचार्यांनी जो प्रश्न दानाच्या आधी ठेवला, तो आपण सर्वांनी मिळून दानाच्या मागे ढकलला आहे. मोतीशाहांच्या चरित्राने आम्हांस निदान तो विचारण्याची लाज उरलेली नाही.

संवत्सरीस जैन बांधव मिच्छामि दुक्कडम् म्हणतात, म्हणजे माझे दुष्कृत मिथ्या होवो. ही क्षमा केवळ शेजाऱ्याची, सोयऱ्याची मागावयाची नसते; ज्यांस आपण कधी पाहिले नाही आणि तरीही आपल्या हातून ज्यांस पीडा पोहोचली, अशा सर्व जीवांची मागावयाची असते. या चतुर्थीस गणरायापुढे हात जोडताना आपणही तेवढे मनात आणावे. आणि पुढच्या वेळी चेंबूरच्या त्या वळणावर गाडी पांजरापोळाशी येईल, तेव्हा शेठ मोतीशाहांचे स्मरण करून आपल्या वहीचे एक पान उलटून पाहावे. एवढे घडले, तर ही सेवा रुजू झाली असे आम्ही समजू.